तांडेलाच्या पोटावरची करवंटी

बोलणारी मी एक करवंटी आहे. नारळ फोडला की त्याच्या दोन वाट्या होतात. वरच्या वाटीला तीन डोळे असतात, खालच्या वाटीला एकही नसतो. मी खालची. म्हणून मी जे सांगेन ते पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. पण ऐकायला मला जागा मात्र अशी मिळाली की तशी कोणा न्यायाधीशालाही मिळत नसेल. सदऱ्याच्या आत, माणसाच्या पोटाला उजवीकडे लागून. माणूस तोंडाने काय बोलतो ते सगळं गाव ऐकतं. तेच बोलताना त्याच्या पोटात काय चाललेलं असतं, ते मी ऐकत आले.

पोट हरिश्चंद्र तांडेलाचं. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य. रत्नागिरीहून कौलं आणि नारळ भरून तो फत्तेमारी मुंबईला नेई. ऐन तिशीत त्याला रक्ताची हगवण लागली, आणि ती काही थांबेना. हगवण लागलेल्याला औषध सांगायला कोणाच्या बापाचं काही जात नाही. कोणी कुड्याच्या सालीचा काढा पाजला, कोणी बेलफळ चारलं, कोणी डोलकाठीला लिंबू टांगलं. लिंबू वाळलं, तांडेलही वाळला. शेवटी त्याची बायको दमयंती हिने गळ्यातलं मोडलं आणि त्याला झोळीत घालून, पडावातून आगबोटीवर चढवून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथल्या सर्जनांनी सांगितलं की मोठं आतडं आतून सगळं जखमांनी भरलंय. त्याला विश्रांती हवी. तेव्हा त्यांनी लहान आतड्याचं टोक पोटाच्या उजव्या बाजूने बाहेर काढलं. अन्नाने इथूनच बाहेर पडायचं, मोठ्या आतड्याने रजेवर जायचं. ही मसलत अंमलात आणताना डॉक्टर पोंक्षे नावाचे तरुण मदतनीस होते. नुकतेच विलायतेहून आलेले. त्यांनी दमयंतीला बजावलं, "बाई, हे तात्पुरतं. पुढे सांधून देऊ. पूर्वीसारखा होईल."

तांडेल गावी परतला तेव्हा लोक बघायला आले. बघायला म्हणजे शेवटचं बघायला. मरायला टेकलेल्या माणसाविषयी आपल्या लोकांना फार माया. त्याने दगा देऊन जगायला सुरुवात केली, की ती माया जरा पातळ होते. तांडेल पेज खाऊ लागला. गालांवर मांस धरू लागला. रक्त थांबलं, ताप थांबला. रोज येणारे दर आठवड्याला येऊ लागले आणि मग यायचे थांबले. थोडी निराशाच झाली म्हणायची.

माझा जन्म झाला तो विलायती रबराच्या पिशवीमुळे. इस्पितळाने त्याला पट्ट्यासकट एक पिशवी दिली होती. विलायतेत ती टिकत असेल. आमच्या पावसाळ्यात ती शिजलेल्या भेंडीसारखी बुळबुळीत झाली आणि एक दिवस खोताच्या ओटीवरच फाटली. त्या दिवसानंतर कितीतरी दिवस तांडेल घराबाहेर पडला नाही. मग एका दुपारी दमयंतीने खोबरं खवून दोन करवंट्या बाजूला ठेवल्या, आणि तांडेलाने कानस मागवली.

डोळेवालीचा एक डोळा फोडून त्याने तिचं तेल ओतायचं नरसाळं केलं. मला मात्र त्याने आतून बाहेरून घासलं, कड गुळगुळीत केली, कडेला भोकं पाडली. दमयंतीने कडेला मऊ कापडाची गादी शिवली आणि जुन्या शिडाच्या कापडाचा पट्टा केला. पोटाच्या सोललेल्या कातडीवर ती आधी कोकमाचं तेल चोळायची, मग मला बांधायची.

"टोचतंय?" तिने पहिल्या दिवशी विचारलं.

"न्हाय गो. पन पोटाशी नारळ बांधून फिरनारा तांडेल म्हंजे देवाला सोडलेला बोकड वाटंल लोकांना."

"वाटू दे. बोकडापरीस बरा. त्येला कापतात. तुमाला कापून झालाय."

तांडेल हसला. पोट हसताना मी पहिल्यांदाच अनुभवलं. त्यात काही लाजण्यासारखं मला तरी सापडलं नाही. माझ्यात जे पडायचं त्याविषयी सभ्य माणसं नाकाला पदर लावतात. मी इतकंच म्हणेन की राजाच्या पोटातही तेच असतं. फरक झाकणाचा आहे.

आम्ही तिघं शिकत गेलो. उन्हाळ्यात त्याच्या अंगातलं पाणी आणि मीठ माझ्यावाटे निघून जाई, डोळ्यांपुढे अंधारी येई. मग दमयंती पेजेत चिमूटभर मीठ जास्त टाकी. एकदा त्याने मोहाने फणसाचे गरे खाल्ले आणि दिवसभर माझ्यात टिपूस आला नाही. पोट ढोलासारखं तट्ट झालं. दमयंती तेल लावून, कोमट पाणी पाजून पोट चोळत राहिली. तिन्हीसांजेला वाट मोकळी झाली आणि मी काठोकाठ भरले. त्या घरात त्या वेळी जो आनंद झाला तसा पोर जन्मल्यावर होतो.

गलबतावर जाणं आता झेपत नव्हतं, म्हणून तांडेलाने खाडीवरची तर, म्हणजे माणसं पैलतीरी नेणारी होडी, चालवायला घेतली. वल्हं मारताना मी पट्ट्यात घट्ट बसलेली असे. मुंडासं, सदरा, कमरेला उपरणं. बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. मोठं आतडं रजेवरून परत आलं नाही, आणि कोणाला त्याची आठवणही येईना.

तरीवर रोज येणाऱ्यांत तात्या खोत. अर्धं गाव त्यांच्या खोतीत. या थोर माणसाचं एकच दुःख होतं, आणि खाडी ओलांडेपर्यंत तांडेलाला ते ऐकावं लागे. त्यांना शौचाला होत नसे.

"हिरडा झाला, एरंडेल झालं, शहरातल्या वैद्याची चूर्णं झाली. सकाळचा बसतो तो ऊन अंगणात येईपर्यंत. काही नाही! अंगात दगड घेऊन फिरतो रे मी, तांडेला."

"व्हईल, तात्या," तांडेल म्हणे आणि वल्हं मारी. मी सदऱ्याआड माझं काम निमूट करत असे. त्यात मला थोडा गर्व वाटला, हे कबूल करते.

आता खऱ्या गोष्टीकडे येते. आमच्या गावच्या देवाची पालखी शिमग्यात देवळातून बाहेर पडते. तिला पहिला खांदा द्यायचा मान तांडेलाच्या घराण्याचा. हा मान विकत मिळत नाही आणि खोतालाही नाही. तांडेलाला जमीन नव्हती, गलबत राहिलं नव्हतं, मूल नव्हतं. पण फाल्गुनात एका दिवशी गावचा देव आधी त्याच्या खांद्यावर बसे, आणि तेवढ्यावर तो उरलेलं वर्ष ताठ मानेने चाले. बरा झाल्यापासून त्याने खांदा दिला होता, कोणी हूं का चूं केलं नव्हतं.

मग खोतांचा पुतण्या मुंबईत मुकादम झाला. त्याच्या खिशात घड्याळ आलं, आणि खोतांना शास्त्र आठवलं.

देवळात बैठक भरली. मी नेहमीच्या जागी होते.

"तांडेला," खोत म्हणाले, "देवाला खांदा देणारा अव्यंग पाहिजे. तुझ्या पोटाला भोक आहे की नाही?"

"हाय."

"मग झालं तर."

"तात्या, भोक तुमालाबी हाय. माजा थोडा पुढं आलाय इतकाच."

देवळात हशा पिकला. खोत हसले नाहीत. गरिबाचा विनोद सगळ्यांना आवडतो. तो गरिबाला महागात पडतो. ठरलं असं की तांडेलाने मुंबईला जाऊन पोट सांधून यावं, शाबूत होऊन यावं, मग मान घ्यावा. तोवर खांदा पुतण्याचा. तोवर म्हणजे किती, हे कोणी विचारलं नाही.

नेमके त्याच दिवसांत डॉक्टर पोंक्षे रजेवर रत्नागिरीत आले. आता ते स्वतः सर्जन होते. तांडेल तरीवर दिसताच ते त्याच्या घरापर्यंत चालत आले. त्यांनी मला दोन बोटांत धरून उचललं.

"हे काय आहे?"

"करवंटी, सायब."

"हे शास्त्रीय नाही."

मी भरलेली असते तर बरं झालं असतं.

डॉक्टर मनाचे वाईट नव्हते. ते फार तळमळीने बोलले. अशा रोग्यांचं आतडं पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया ते करतात, पुढच्या वर्षी सर्जनांच्या परिषदेत निबंध वाचायचा आहे, तांडेलासारखा धट्टाकट्टा रोगी मिळाला तर निबंधाला वजन येईल. दमयंती दाराशी उभी राहून ऐकत होती.

"डाक्टर," ती म्हणाली, "ह्यांच्या शेजारच्या खाटेवर खेडचा शिवा शिंपी होता. त्येचाबी असाच पोट होता. तो कसा हाय?"

"शिवा? वा! त्याचं मी स्वतः जोडलं. अगदी यशस्वी ऑपरेशन."

"आपरेशन न्हाय. तो कसा हाय?"

डॉक्टरांनी मला खाली ठेवलं. "त्याचा मूळ रोग पुन्हा उलटला. रक्त सुरू झालं. त्याच पावसाळ्यात वारला बिचारा." मग त्यांचा आवाज उजळला. "पण जोड शेवटपर्यंत पक्का होता!"

मला डोळे नाहीत, पण दमयंतीचं तोंड कसं झालं असेल ते मला दिसलं.

"आनि दुसरे? ज्येंचा ज्येंचा जोडलात ते?"

"बाई, दरेकाची प्रकृती निराळी."

डॉक्टर गेल्यावर नवराबायकोचं भांडण झालं. असं भांडण मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"शिवाच्या मागून जायचाय का तुमाला?"

"शिवाचा नशीब शिवाबरोबर गेला. उद्या पालखीम्होरं मी काय बाजूला उभा ऱ्हाऊ, ढोल आयकत? लोक काय बोलतील?"

"लोक! तुमी हगत मरत व्हतात तवा लोक काय बोल्ले? 'बरा मानूस व्हता' बोल्ले. व्हता! तुमी आयकत व्हतात."

"मान गेल्यावर जगून काय करू गो?"

"तर चालवा. पेज खावा. माज्याशी भांडा."

त्याने पेटी खाली काढली. म्हणाला, "शिमग्याच्या दुसऱ्या दिशी बोट हाय. जातो मी." तोंडाने अगदी मर्दासारखा म्हणाला. त्याच क्षणी त्याचं आतडं माझ्यात मुठीसारखं आवळलं. शूर शब्द मी पुष्कळ ऐकलेत. ते कशावर उभे असतात, हे मला त्या रात्री समजलं.

शिमग्याचा दिवस उजाडला. तांडेलाची पेटी भरून ओट्यावर ठेवलेली होती. देवळासमोर पालखी सजली, ढोल थांबले. आता गाऱ्हाणं व्हायचं होतं.

आमच्याकडे कोणतंही काम देवाला सांगितल्याशिवाय होत नाही. गावातला वडील गावकर पुढे होऊन देवाला हाक घालतो आणि एकेक मागणं मोठ्याने मांडतो, एका ठरलेल्या सुरात. प्रत्येक वाक्यामागे सगळा गाव एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" पिढ्यान्‌पिढ्या म्हणतोय. कोणी वाक्य ऐकून म्हणत नाही. सूर खाली आला की तोंडातून आपोआप निघतं. आणि जे देवासमोर 'व्हय' झालं ते दगडावरची रेघ.

त्या वर्षीचे गावकर बाबू गुरव. आवाज खणखणीत, पण छातीत दमा.

"बा देवा म्हाराजा!" त्यांनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!"

"तुजी लेकरा आज तुज्या म्होरं हात जोडून उबी हायत!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो हरिश्चंद्र तांडेल, पोटाला भोक पडलेला, उद्याच्या बोटीनं मुंबयला जातोय..."

आणि बाबू गावकरांना खोकला आला. साधासुधा नव्हे. ते वाकले, बसले, पाणी मागू लागले. वाक्य हवेत लोंबकळत राहिलं. सगळ्या गावाने छाती भरून श्वास घेतलेला, 'व्हय'साठी तोंडं उघडी. आणि बायकांच्या बाजूने, अगदी त्याच सुरात, तोच हेल काढून आवाज आला:

"...आसा मानसांनी ठरवला, पन तू न्हाय ठरवलास!"

"व्हय म्हाराजा!" गाव सुटला.

तांडेलाने आवाज ओळखला होता. मीही.

"तूच त्येला मरनातून काडलास, तूच त्येच्या पोटाला दुसरी वाट दिलीस!"

"व्हय म्हाराजा!"

"तू दिलेली वाट बुजवायचा हक्क डाक्टराला न्हाय, खोताला न्हाय!"

"व्हय म्हाराजा!" यात खोतांचा आवाज सर्वांत वर होता. गाऱ्हाण्यात मागे पडणं त्यांच्या इभ्रतीला शोभलं नसतं.

"त्येच्या अंगात जीव हाय तवर पयला खांदा त्येचाच, आज आनि म्होरं!"

"व्हय म्हाराजा!"

आता काही डोकी वळली. एकदोघं कुजबुजले. पण दमयंती थांबायच्या बेतात नव्हती.

"आनि आमच्या तात्या खोतांचा कोठा रोज सकाळी साफ होऊ दे!"

"व्हय म्हाराजा!" गावाने म्हटलं. आणि गाव गप्प झाल्यावरही एक आवाज एकटाच पुढे चालत राहिला, कातर, भक्तीने ओथंबलेला: "व्हय रे म्हाराजा, व्हय!" तो तात्यांचा होता.

पहिली हसली ती पुतण्याची बायको. त्यानंतर काही विचारू नका.

खोत भानावर आले. "ही काय थेरं आहेत! बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायचं? रद्द! हे गाऱ्हाणं रद्द!"

बाबू गावकर तोवर पाणी पिऊन उठले होते. ते देवाला भिणारे गृहस्थ होते. खोतालाही भीत, पण देवाच्या दारात देवाला जरा जास्त. त्यांनी थोडा विचार केला.

"तात्या, गाऱ्हाना कोन बोल्ला ता देव बगत न्हाय. 'व्हय' कोन बोल्ला ता बगतो. तुमी बोल्लात. मी खोकत व्हतो, पन आयकला."

"मला कळलं नव्हतं काय बोलतेय ती!"

"कळून कोन बोलतो, तात्या? आमी जलमभर न कळता बोलतोय. आता रद्द कराचा तर करू. पन गाऱ्हाना येकच हाय. रद्द झाला तर सगळाच रद्द व्हईल." त्यांनी आवाज जरा खाली आणला. "कोठ्याचासुदा."

खोत उभे राहिले. खोत विचारात पडले. एका बाजूला पुतण्या, शास्त्र आणि घराण्याची इभ्रत. दुसऱ्या बाजूला उद्याची सकाळ.

"...राहू दे," तात्या खोत म्हणाले.

ढोल वाजले. तांडेल पुढे झाला, वाकला, आणि देवाची पालखी त्याच्या खांद्यावर आली. तिचा भार त्याच्या कुशीतून माझ्या कडेपर्यंत उतरला. पट्टा ताणला, गादी दबली, पण मी जागची हलले नाही. त्याच्या पोटात अगदी शांत होतं.

दुसऱ्या दिवशी बोटीचा भोंगा वाजला. दमयंतीने पेटीतली धोतरं काढून पुन्हा दांडीवर टाकली. तांडेल म्हणाला, "देवाम्होरं माजी लाज काडलीस." ती म्हणाली, "लाज काडली. आतडी न्हाय काडली." तो खाडीवर तर घेऊन गेला.

या गोष्टीला काही वर्षं झाली. डॉक्टर पोंक्षे मध्यंतरी एकदा पुन्हा तरीवर भेटले. निबंध वाचला गेला, टाळ्या पडल्या. तांडेलाचं काय लिहिलंत, असं त्याने सहज विचारलं. "तू पुढच्या उपचाराला आलाच नाहीस," डॉक्टर खेदाने म्हणाले. "तुला अपयशांत धरावं लागलं." म्हणजे खेडचा शिवा यशस्वी, आणि माझा तांडेल अपयशी. अपयशी तांडेलाने त्यांना वल्हं मारत पैलतीरी पोचवलं आणि हात धरून उतरवून दिलं.

लोकहो, माझी विनंती एवढीच. तुमच्यात शिकलेले पुष्कळ झाले, अजून होतील, आणि व्हायलाच हवेत. हा चिरा नसता पडला तर माझा तांडेल केव्हाच गेला असता. चिरा घालणाऱ्या हातांना मी नमस्कार करते. पण टाके काढल्यावर पाठ फिरवू नका. दहा वर्षांनी त्या माणसाच्या दारात या आणि विचारा, बाबा, तू जेवतोस काय, झोपतोस कसा, पट्टा टोचतो का, चारचौघांत बसतोस का, बायको तुझ्याशी भांडते का. जोडाची चौकशी त्यानंतर करा.

माझ्या कडेला आता तडा गेलाय. दमयंतीने कालच सांगितलं, हिचे दिस भरले. ओट्यावर तांडेल नव्या करवंटीला कानस लावतोय. तो आवाज मला ऐकू येतोय. तिची कड माझ्याहून चांगली होईल, त्याचा हात आता बसलाय.

मी उद्या न्हाणीच्या चुलीत जाईन. आमची जात चांगली पेटते. माझ्यावर त्याचं आंघोळीचं पाणी तापेल. गावाने कधीकाळी त्याच्यासाठी अंगणात चूल मांडायची ठरवली होती, चौघांनी मिळून त्याला शेवटचं न्हाऊ घालायला. हे पाणी तो स्वतःच्या हाताने तांब्यातांब्याने अंगावर घेईल, आणि ओल्या अंगानेच ओरडेल, "काय गो, पेज झाली काय?"